जवळच्या केंद्राशी संपर्क साधावा

सासुरवाडीत माझी ख्याती 'जावई कॉम्प्युटरमध्ये आहेत' अशी आहे. वस्तुतः मी ज्या कंपनीत हिशेब बघतो ती कॉम्प्युटर ठेवायची टेबलं बनवते. पण लग्नाची बैठक चालू असताना यातलं 'टेबल' कुठेतरी गळालं आणि नंतर ते जागेवर बसवायची हिंमत आमच्याकडच्या कुणालाच झाली नाही. तेव्हापासून साताऱ्यात टीव्हीचा रिमोट अडला, गॅसचं ऑनलाइन बुकिंग फसलं किंवा मिक्सरमधून जळका वास आला, की मला फोन येतो. मी गंभीर आवाजात 'एकदा बंद करून चालू करा' म्हणतो. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं आणि माझी ख्याती आणखी एक पायरी चढते.

गेल्या महिन्यात मात्र फोनच अडला.

"ह्यांचा फोन बंद पडलाय," सासूबाई त्यांच्या फोनवरून सांगत होत्या. "म्हणजे चालू आहे, पण बंद आहे."

"एकदा बंद करून..."

"केला. आता तो बंद होऊन चालू झालाय, आणि तरी बंद आहे."

यापेक्षा नेमकं निदान एखाद्या इंजिनिअरलाही जमलं नसतं. बायको म्हणाली, "जाऊन ये. कॉम्प्युटरमधला आहेस ना तू." तिला टेबलांचं सगळं माहीत आहे. म्हणूनच ती हे फार प्रेमाने म्हणते.

सासरे, म्हणजे अप्पा, जिल्हाधिकारी कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. हयात परिपत्रकं लिहिण्यात गेली. सकाळी फिरायला जाणाऱ्या त्यांच्या मंडळात कुणीतरी सायबर चोरीवर व्याख्यान दिलं. चोर म्हणे फोनचं कुलूप उघडत बसतच नाही. सरळ सिम काढतो, आपल्या फोनमध्ये घालतो आणि बँकेचे ओटीपी घेत सुटतो. उपाय काय, तर सिमलाही पिन लावा. सल्ला अगदी योग्य होता. कचेरीत अशा सल्ल्यावर अप्पांनी आधी अभिप्राय मागवला असता, पण निवृत्तीनंतर माणूस धडाडीचा होतो. घरी येऊन चहाच्या आत त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन 'सिम लॉक' शोधून काढलं. फोन म्हणाला, 'सिम पिन टाका.' अप्पांनी मनाशी ठरवलेला पिन टाकला, निवृत्तीचं साल. फोन म्हणाला, चुकीचा.

यातली मेख अशी की फोन नवा पिन मागत नव्हता, जुना मागत होता. सिम जन्माला येतानाच कंपनी त्याला एक पिन देऊन ठेवते. तो कंपनीगणिक वेगळा असतो आणि ज्याचं सिम आहे त्याला सोडून सगळ्यांना माहीत असतो. सिमला कुलूप लावायचं तर आधी तो टाकावा लागतो. हे पडद्यावर कुठेही लिहिलेलं नसतं. अप्पांनी निवृत्तीचं साल पुन्हा टाकलं, मग नोकरीला लागल्याचं साल टाकलं, आणि तीन चुका होताच सिमने दार लावून घेतलं. पडद्यावर मजकूर आला: सिम पीयूकेने लॉक आहे, पीयूके कोड टाका, १० प्रयत्न शिल्लक. खाली बारीक अक्षरात: फक्त आपत्कालीन कॉल.

"मी अजून कुलूप लावलंच नव्हतं हो," अप्पा म्हणाले. "लावायला गेलो, तर त्यानं मलाच बाहेर ठेवलं."

"मग करा ना आपत्कालीन कॉल," सासूबाई म्हणाल्या. "पोलिसांकडे असेल कोड."

पीयूके म्हणजे पर्सनल अनब्लॉकिंग की. आठ आकडी असते. पर्सनल अशासाठी, की ती कंपनीकडे असते. मी माझ्या फोनवर कंपनीचं मदतीचं पान उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागलो. 'पीयूके हा आपल्या सिमचा कोड असून सिम ब्लॉक झाल्यास त्याद्वारे ते अनब्लॉक करता येते. आपला पीयूके जाणून घेण्यासाठी आपल्या क्रमांकाने अ‍ॅपमध्ये लॉगिन करा, किंवा आपल्या क्रमांकावरून ग्राहक सेवेस कॉल करा, किंवा सिमसोबत मिळालेले कार्ड पाहा. अडचण आल्यास जवळच्या केंद्राशी संपर्क साधावा.'

मला वाटलं अप्पा चिडतील. अप्पांनी डोळे मिटून घेतले होते. शेवटच्या वाक्याला त्यांनी समेवर द्यावी तशी दाद दिली.

"पुन्हा वाचा, जावईबापू."

मी पुन्हा वाचलं.

"लिहिणारा मुरलेला आहे. यात आपण चुकलो तर आपण चुकलो, कंपनी कुठे सापडतच नाही. असा मसुदा जमायला दहा-बारा वर्षं टेबलावर काढावी लागतात."

"पण अप्पा, यातून कळत काहीच नाही."

"कळायला कशाला हवं? लोकांना सूचना कळल्या तर लोक कचेरीत येतील का? आणि लोक आले नाहीत तर टेबलं कमी होतील. 'जवळच्या केंद्राशी संपर्क साधावा' हे वाक्य मी इतक्या परिपत्रकांत घातलंय की सांगता सोय नाही. एका तलाठ्याने उलट विचारलं होतं, साहेब, ते जवळचं केंद्र मीच आहे, मी कुणाशी साधू?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"वरिष्ठ कार्यालयाकडे मार्गदर्शन मागवलं. ते अजून यायचंय."

आता अ‍ॅप. सासूबाईंच्या फोनवर ते उतरवून घेतलं आणि अप्पांचा नंबर घातला. अ‍ॅपने ताबडतोब सांगितलं, आपल्या क्रमांकावर ओटीपी पाठवला आहे. अप्पांचा फोन टेबलावर उताणा पडला होता आणि आम्ही सगळे त्याच्याकडे टक लावून बसलो.

"येईल कसा?" मी म्हणालो. "सिमच बंद आहे."

"तरी बघू," असं म्हणून सासूबाईंनी फोन उचलून खिडकीत नेऊन ठेवला. तिथे रेंज चांगली येते.

थोड्या वेळाने अ‍ॅपनेच काळजीने विचारलं, ओटीपी मिळाला नाही? मग कॉलवर ऐका. कॉलही अर्थात त्याच नंबरावर. पानाच्या तळाशी प्रश्न होता, ही माहिती उपयुक्त वाटली का? मी 'नाही' दाबलं. 'आम्हाला खेद आहे. कृपया पुढील माहिती वाचा,' असं म्हणून त्यांनी मला त्याच पानाच्या डोक्यावर आणून सोडलं.

मला वाटतं, या जगातल्या यच्चयावत सूचना ज्यांचे फोन उघडे आहेत अशा माणसांनी लिहिलेल्या असतात. बंद फोनवाल्याला काय दिसतं ते त्यांनी पाहिलेलंच नसतं. हरवलेल्या फोनचंही तसंच. आयएमईआय नंबर कसा शोधाल? सोपं आहे, फोनवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबा, पंधरा आकडी नंबर दिसेल. फोन हरवलाय, हा किरकोळ तपशील झाला.

मी 'मोबाइल अनलॉक' असं शोधलं तर गूगलने मला थेट अमेरिकेत नेलं. तिकडे 'अनलॉक'ची भानगड वेगळी आहे. एका कंपनीकडून घेतलेला फोन दुसऱ्या कंपनीच्या सिमवर चालावा म्हणून उघडून घ्यायचा. जानेवारी २०१३ मध्ये ते नवीन फोनच्या बाबतीत कंपनीच्या परवानगीशिवाय करणं बेकायदा ठरलं. लोकांनी व्हाइट हाउसकडे अर्ज केला, त्यावर लाखाहून जास्त सह्या झाल्या आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी अध्यक्ष ओबामांनी फोन उघडायची मुभा देणाऱ्या कायद्यावर सही केली. मी हे अप्पांना वाचून दाखवलं.

"अध्यक्षांची सही लागते?" अप्पा सावरून बसले. "मग आपल्याला निदान प्रांतसाहेबांची लागेल."

एवढ्यात मेव्हण्याचा मुलगा क्लासहून आला. नववीत आहे. त्याने दप्तर न काढताच निकाल दिला, "आजोबा, यूट्यूबवर बघा ना." व्हिडिओ लावला. एका तरुणाने पहिली काही मिनिटं आमचं स्वागत केलं, मग चॅनल सबस्क्राइब करायला सांगितलं, मग पीयूके लॉक किती त्रासदायक असतो ते समजावलं, आणि शेवटी आवाज खाली आणून गुपित फोडलं: दोस्तों, कस्टमर केअर को कॉल करो.

कॉल करण्याआधी ते सिमसोबतचं कार्ड शोधावं असं ठरलं. सिम ज्यातून मोडून काढतात ते एटीएम कार्डाएवढं प्लास्टिक. त्याच्या पाठीवर पीयूके छापलेला असतो. इथे मला आशा वाटली, कारण अप्पा काहीही टाकत नाहीत. त्यांनी लोखंडी कपाट उघडलं आणि लाल फडक्यातली गाठोडी बाहेर यायला लागली. रेडिओच्या लायसन्सचं पुस्तक निघालं. स्कूटरच्या बुकिंगची पावती निघाली. टेलिफोनसाठी ओवायटीत भरलेल्या डिपॉझिटची पावती निघाली, आणि त्याबरोबर अप्पांचा एक तास गेला.

"पैसे भरून वर्षं लोटली तेव्हा फोन आला," ते म्हणाले. "पण आल्यावर पिन नाही मागितला."

"कुलूप होतं की त्यालाही," सासूबाई म्हणाल्या.

होतं खरंच. गोल डायलच्या भोकात बसणारं नखाएवढं कुलूप. एसटीडीचं बिल फुगू नये म्हणून घरोघरी लावायचे. किल्ली सासूबाईंच्या कनवटीला. मेव्हणा तेव्हा कॉलेजात होता. तो डायलला हात न लावता रिसीव्हर ठेवायची खिट्टी ठराविक तालात टकटक दाबून नंबर लावायचा. पाच हवा तर पाच टकटक, शून्याला दहा. फोन सुखाने लागायचा. त्या कुलपासोबत सूचनापत्रक नव्हतं. कसं उघडायचं ते सासूबाईंना माहीत होतं, कसं उघडायचं नाही तेही मेव्हण्याला माहीत होतं, आणि बिल अप्पा भरत होते.

सिमचं कार्ड कपाटात सापडलं नाही. संध्याकाळी पोळ्यांना बसताना सासूबाईंनी ओट्याच्या कडेचा एक प्लास्टिकचा तुकडा उचलला आणि परातीला चिकटलेली कणीक खरवडायला लागल्या. अप्पा पाणी प्यायला आत आले होते. ते ग्लास हातात धरून तसेच उभे राहिले.

"अहो, हे काय आहे?"

"खरवडणी. किती वर्षं वापरतेय. फार छान आहे, भांड्याला चरे पडत नाहीत."

कार्ड धुऊन, पुसून, बाहेरच्या खोलीत दिव्याखाली आणलं. एका बाजूला सिम मोडून काढल्याची चौकोनी खिडकी, कडा कणकेने घासून गुळगुळीत झालेल्या, आणि पाठीवर आकड्यांची एक पुसट ओळ. अप्पांनी भिंग काढलं. नातवाने त्यावर पेन्सिल घासून बघितली, सासूबाईंनी हळद लावून बघितली. आठांपैकी पाच आकडे दिसले. तीन कणकेत गेले होते.

"तीन आकडे म्हणजे हजार शक्यता," मी कॉम्प्युटरमधल्या माणसासारखं बोललो. "आणि प्रयत्न आता नऊच." एक प्रयत्न अप्पांनी मी यायच्या आधीच पेन्शनच्या कागदावरच्या नंबरावर खर्च केला होता.

"आणि नऊही चुकले तर?"

"सिम कायमचं जातं."

अप्पांनी हिशेब केला. "हजारात नऊ. म्हणजे लॉटरीपेक्षा बरंच बरं." ते कामाला लागणार इतक्यात पोळी भाजता भाजता सासूबाई म्हणाल्या, "पण हे कार्ड जुन्या सिमचं ना? फोरजी आलं तेव्हा तुम्ही नवीन नाही का बदलून आणलंत?"

भिंग मिटलं. कार्ड पुन्हा परातीकडे गेलं.

दुसऱ्या दिवशी ग्राहक सेवा. सासूबाईंच्या फोनवरून लावला, कारण पानावर म्हटल्याप्रमाणे 'आपल्या क्रमांकावरून' लावता आला असता तर लावायची गरजच नव्हती. मराठीसाठी अमुक दाबा, सिमसाठी तमुक दाबा, मागे जायचं असेल तर... अप्पा प्रत्येक पर्यायाला फोनमधल्या बाईला "हो, हो" म्हणत होते. मग संगीत. संगीताच्या मधे मधे 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे'. शेवटी एक जिवंत मुलगी आली. फार गोड बोलत होती. म्हणाली, पडताळणीसाठी काही प्रश्न विचारते.

"सर, जन्मतारीख सांगाल?"

"खरी की शाळेतली?"

पलीकडे क्षणभर शांतता. "सर... सिस्टिममध्ये जी आहे ती."

"मग १ जून."

महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीची जन्मतारीख १ जून आहे. आई म्हणायची, नागपंचमीच्या आदल्या दिवशी झाला, पाऊस होता. गुरुजी म्हणायचे, बरं, १ जून. शाळेत घालायला तेवढं पुरायचं. अप्पा सांगतात, त्यामुळे ३१ मे रोजी कचेरीत निरोप समारंभांची अशी रांग लागायची की हार कमी पडायचे. एकाच दिवशी सरकारी नोकरीतली माणसं अगदी घाऊक भावाने निवृत्त व्हायची. अप्पा हे त्या मुलीला सविस्तर सांगत होते आणि ती "जी सर, जी सर" करत होती.

"धन्यवाद सर. शेवटचा रिचार्ज किती रुपयांचा केला होता?"

रिचार्ज पुण्याहून लेक करते. मी बायकोला फोन लावला. ती म्हणाली, "ऑटो-पे आहे. किती जातात मला काय माहीत? आणि तू अजून तिथेच आहेस?"

"हरकत नाही सर. आपण या महिन्यात वारंवार कॉल केलेले तीन नंबर सांगा."

"नंबर पाठ कोण ठेवतं, बाई? ते सगळे फोनमध्ये आहेत."

"एखादा तरी सर?"

अप्पांनी बराच विचार करून एक पाच आकडी नंबर सांगितला. तो त्यांच्या जुन्या कचेरीतल्या आस्थापना शाखेचा होता. ती शाखाही आता त्या इमारतीत नाही.

"क्षमस्व सर, पडताळणी पूर्ण होत नाहीये. सुरक्षेच्या कारणास्तव मी पीयूके देऊ शकत नाही. आपण जवळच्या केंद्राशी संपर्क साधावा."

अप्पांनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळून अभिमानाने म्हणाले, "ऐकलंत? माझंच वाक्य."

त्या मुलीला मी दोष देत नाही. गोड बोलून पीयूके काढून घेणारे भामटे आहेतच, आणि ती त्यांना अडवायला बसवलेली आहे. दुर्दैव इतकंच की भामट्याला जन्मतारीख, रिचार्ज आणि तिन्ही नंबर व्यवस्थित पाठ असतात. अडकतो तो खरा मालक.

केंद्रात गेल्यावर दारातल्या पोराने विचारलं, "नंबर सांगा काका, टोकन मोबाइलवर येईल." अप्पांनी नंबर सांगितला. कोणता, ते सांगायला नको. बराच वेळ बसलो. शेजारी एक गृहस्थ होते. त्यांचा फोन हरवला होता. त्यांनी पोलिसांत तक्रार देऊन, सरकारच्या संचार साथी पोर्टलवर जाऊन तो रीतसर ब्लॉक करून टाकला होता. दोन दिवसांनी तो त्यांच्याच स्कूटरच्या डिकीत सापडला. आता अनब्लॉक करायचा, तर ब्लॉक करताना मिळालेला रिक्वेस्ट आयडी हवा. तो त्यांनी नीट जपून ठेवला होता. म्हणजे मुलाच्या फोनवर आला होता, त्याचा स्क्रीनशॉट मुलाने त्यांना पाठवला होता. त्यांच्याच नंबरवर. अप्पांनी त्यांचा हात हातात घेतला.

आमची पाळी आली. काउंटरवरच्या मुलाने आधार घेतलं, यंत्र पुढे सरकवलं, "अंगठा ठेवा." यंत्र नाही म्हणालं. आयुष्यभर फायलींची पानं उलटून अप्पांच्या अंगठ्याच्या रेषा शासनजमा झालेल्या आहेत. तर्जनी झाली, मधली झाली.

"आजोबा, बोट जरा केसांवरनं फिरवा," मुलगा म्हणाला. "तेल लागलं की घेतं."

अप्पांनी टकलावरून फिरवलं. नाही घेतलं. मग त्याने शेजारी उभ्या सासूबाईंच्या अंबाड्याकडे बोट दाखवलं. भर दुकानात, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर, अप्पांनी संकोचत सासूबाईंच्या केसांवरून बोट फिरवलं, सासूबाई लाजल्या, आणि यंत्राने हिरवा दिवा दिला.

पुढचं काम चुटकीसरशी झालं. मुलाने पडद्याकडे पाहत एका पावतीच्या पाठीवर आठ आकडे लिहून दिले. मी विचारलं, हे पानावर नीट का लिहीत नाही तुम्ही? तो म्हणाला, "साहेब, ते पान कोण लिहितं आम्हाला पण माहीत नाही. आम्हाला काही अडलं की आम्ही पण तेच वाचतो."

घरी आलो. मी विजयी मुद्रेने जेवलो आणि जरा आडवा झालो. तेवढ्या वेळात अप्पांनी स्वतः चष्मा लावून पीयूके टाकला. चुकीचा. पुन्हा टाकला. चुकीचा. झालं होतं असं, की मुलाने आकडे इंग्रजीत लिहिले होते आणि त्यात एक नऊ होता. जन्मभर मराठीतून कारभार केलेल्या माणसाला त्या वळणाचा आकडा दिसला की तो एकच असतो. अप्पांनी प्रत्येक वेळी तिथे एक टाकला. आकडे बरोबर आहेत, पावती कंपनीची आहे, म्हणजे चूक फोनची, असा त्यांचा पक्का निष्कर्ष होता.

"पण खाली लिहून येत होतं ना अप्पा, इतके प्रयत्न शिल्लक म्हणून?" मी उठल्यावर कळवळून विचारलं.

"येत होतं की. म्हणूनच तर. शिल्लक राहू दिली की व्यपगत होते, जावईबापू. मार्चअखेर आम्ही एक पैसा शिल्लक ठेवत नसू."

त्यांनी तरतूद पूर्ण खर्ची टाकली होती. सिम कायमचं गेलं.

त्यांचं सांत्वन करायला मी एक खरी गोष्ट सांगितली. २०१९ साली अमेरिकेतल्या एका पत्रकाराच्या तीन वर्षांच्या मुलाने बापाच्या आयपॅडवर पासकोड इतक्या वेळा चुकीचा दाबला की आयपॅडने सांगितलं, २,५५,३६,४४२ मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करा. म्हणजे सुमारे अठ्ठेचाळीस वर्षांनी, २०६७ साली.

"बघा," अप्पा म्हणाले. "तारीख तर दिली ना. आमच्याकडे तेवढंही देत नसत."

पुन्हा केंद्र, पुन्हा टोकन, पुन्हा सासूबाईंचा अंबाडा. नवं सिम मिळालं, नंबर तोच. मुलाने बजावलं, सिम बदललं की पहिले चोवीस तास एसएमएस बंद राहतात. नियम शहाणपणाचा आहे. चोरट्याने तुमच्या नावाने सिम काढलं तर त्याला लगेच ओटीपी मिळू नयेत म्हणून केलेला. अप्पांना तो इतका आवडला की त्यांनी मुलाला विचारलं, "अठ्ठेचाळीस का नाही केले?" मग घरी येऊन लगेच बँकेचं अ‍ॅप उघडलं. अ‍ॅप म्हणालं, सिम बदललेलं दिसतं, सुरक्षेसाठी पुन्हा नोंदणी करा, आपल्या क्रमांकावर ओटीपी पाठवला आहे.

सासूबाईंनी न बोलता फोन खिडकीत नेऊन ठेवला.

त्या चोवीस तासांत अप्पा स्वस्थ बसले नाहीत. फुलस्केप कागद काढून त्यांनी कंपनीला पाठवायचा सुधारित मसुदा तयार केला. विषय: सिम उघडणेबाबत. संदर्भ: आपले पान. खाली मोत्यासारख्या अक्षरात कलमं. पहिल्या कलमात ज्येष्ठ नागरिकांना प्राधान्य होतं, दुसऱ्यात केंद्रावर खोबरेल तेलाची बाटली ठेवण्याची सूचना होती, तिसऱ्यात सर्व आकडे देवनागरीत देण्याची. मला खरोखर कौतुक वाटलं. मूळ पानापेक्षा तो कितीतरी स्पष्ट होता. शेवटच्या ओळीपाशी अप्पांचा पेन जरा थबकला, आणि मग हाताने सवयीने ती लिहूनच टाकली. अडचण आल्यास काय करावं, ते तुम्हाला माहीत आहे.

वाचकहो, तुमचा फोन या क्षणी चालू असेल तर एवढं करा. बऱ्याच कंपन्यांच्या अ‍ॅपमध्ये तुमच्या सिमचा पीयूके कुठेतरी खोल पुरून ठेवलेला असतो. तो शोधा आणि कागदावर उतरवून घ्या. सिमला पिन लावायचा विचार असेल तर कंपनीने आधीच दिलेला पिन कोणता ते लावण्यापूर्वी विचारून घ्या. कागद फोनच्या कव्हरात ठेवू नका, त्याचा फोटो काढून फोनमध्ये तर मुळीच ठेवू नका. आणि आठही आकडे चेकवर लिहितात तसे अक्षरी लिहा.